लहान मल्टी-इफेक्ट्स पेडल निवडताना: केबलच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा

आपल्याकडे ज्याला सरसकट 'प्रोसेसर' म्हणतात, ते दहा-पंधरा हजारांच्या आतलं मल्टी-इफेक्ट्स पेडल (गिटारचा आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकत्र असलेलं, पायाने चालवायचं यंत्र) घेताना बहुतेक जण खोक्यावरचे आकडे मोजतात: इफेक्ट किती, अ‍ॅम्प किती, पॅच (साठवून ठेवलेले आवाज) किती. मग घरी हेडफोनवर झकास वाटलेला आवाज मंडळाच्या स्टेजवर डबीत कोंडलेल्या माशीसारखा येतो आणि दोष पेडलला दिला जातो. पेडलमध्ये बहुधा काही बिघडलेलं नसतं, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आवाज कुठे जाणार, पाय काय करणार, वीज कुठून येणार हे आधी ठरवायचं. आवाज कसा वाटतो हे सगळ्यात शेवटी.

तयारी: दुकानात जाण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहून काढा. एक, तुमची गिटार किंवा बेस पॅसिव्ह आहे की अ‍ॅक्टिव्ह (म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली; मागे ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा असेल तर बहुधा अ‍ॅक्टिव्ह). दोन, पुढच्या वर्षभरात जास्तीत जास्त कुठे वाजवणार: घरी हेडफोनवर, स्वतःच्या अ‍ॅम्पवर, की ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॅफेत थेट मिक्सरवर. तीन, एका गाण्यात वाजवता वाजवता किती आवाज बदलावे लागतात. चार, एकूण पैसे. सगळे पैसे पेडलवर उधळू नका. पाचवा हिस्सा अडॅप्टर, एक बरी केबल आणि लागला तर डीआय बॉक्स (पेडलचा आवाज गुणगुण न येता लांबच्या मिक्सरपर्यंत नेणारी डबी) यांच्यासाठी बाजूला ठेवा, कारण कमी किमतीच्या पेडलांच्या खोक्यात अडॅप्टर असेलच असं नाही.

पिशवीत घ्या: स्वतःची गिटार, दोन मोनो केबल, वायरचा हेडफोन, त्याला पाव इंची पिन करणारा कन्व्हर्टर आणि चार नव्या अल्कलाइन एए बॅटऱ्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर पेडल ऐकलंत तर तुम्ही त्या गिटारचा आवाज ऐकून घरी येता. ब्लूटूथ हेडफोन इथे कामाचा नाही. तार छेडल्यावर सूर कानापर्यंत पोचायला इतका उशीर होतो की वाजवणं अशक्य होतं.

पायरी १: आवाज कुठे जाणार ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

*गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये.* गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५-६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज स्वतःच गाळून टाकतो. पेडलमधलं कॅबिनेट सिम्युलेशनही (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) तेच काम करतं. दोन्ही एकावर एक आले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा बसका होतो. त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये जाताना कॅबिनेट बंद आणि बहुतेक वेळा अ‍ॅम्प मॉडेलही बंद ठेवायचं. फक्त ड्राइव्ह (आवाज फाडणारा), मॉड्युलेशन (आवाज लहरवणारं), डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (खोलीची घुमारी) वापरायचे. पाहायचं ते हे: कॅबिनेट सगळ्या पॅचसाठी एकाच ग्लोबल सेटिंगमधून बंद होतं की प्रत्येक पॅच उघडून बंद करावं लागतं? बॉस जीटी-१ मध्ये आउटपुट कशाला जोडलंय हे सिस्टिम मेनूत एकदाच सांगता येतं. ज्या पेडलात ही सोय नाही, ते घरी हेडफोनवर आणि बाहेर अ‍ॅम्पवर असं दोन्हीकडे वापरणाऱ्याला रोज छळतं.

*थेट मिक्सरमध्ये.* इथे कॅबिनेट सिम्युलेशन हवंच. नाहीतर डिस्टॉर्शनचा सगळा किरकिराट पीए (प्रेक्षकांसाठीच्या) स्पीकरमधून जसाच्या तसा बाहेर येतो. बाहेरच्या आयआर फाइल (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचे नमुने) चढवता येत असतील, जसं नक्स एमजी-३०० मध्ये येतात, तर तो मोठा फायदा. यंत्रातलं कॅबिनेट पसंत पडलं नाही तर ते बदलता येतं. जीटी-१ मध्ये ही सोय नाही, त्यामुळे त्यातली कॅबिनेट ऐकून पटली तरच घ्या.

लहान पेडलांना बहुधा एक्सएलआर (माइकसारखं तीन पिनांचं, बॅलन्स्ड) आउटपुट नसतं, साधा पाव इंची अनबॅलन्स्ड (लांब केबलवर गुणगुण पकडणारा) जॅक असतो. मिक्सर पाच-सहा मीटरच्या आत असेल तर चालून जातं. प्रेक्षकांच्या मागे असेल तर डीआय बॉक्स लागतोच, नाहीतर लाइटच्या डिमरची गुणगुण गाण्यात मिसळते. साउंडवाल्याकडे डीआय असेलच या भरवशावर राहू नका. साधा पॅसिव्ह डीआय स्वतःजवळ ठेवा.

सावध: झूम जी१ फोरसारख्या पेडलांत आउटपुट आणि हेडफोन यांचा जॅक एकच आणि स्टिरिओ असतो. त्यात धातूचे तीन भाग (दोन काळ्या पट्ट्या) असलेली स्टिरिओ पिन घालून दुसरं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये लावलं, तर मिक्सर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. दोन्हींत जे सारखं आहे ते नाहीसं होतं आणि उरते फक्त रिव्हर्बची पातळ शेपटी. 'पेडलचा आवाज गेला' अशा तक्रारींमागे अनेकदा एवढंच असतं. इथे धातूचे दोन भाग (एकच काळी पट्टी) असलेली मोनो केबलच लावायची.

*हेडफोनवर.* हेडफोनचा वेगळा जॅक आहे की आउटपुटचाच? वेगळा नसेल तर मिक्सरला आवाज देत असताना स्वतःच्या कानात ऐकता येणार नाही. मोबाइलवरून गाणं लावून सोबत वाजवायचं असेल तर ऑक्स इन (बाहेरचं गाणं आत घेण्याचा जॅक) हवा.

*मोबाइल किंवा लॅपटॉपमध्ये.* यूएसबी सॉकेट दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होईलच असं नाही. जी१ फोरचं यूएसबी हे फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि पॅच हाताळण्यासाठी आहे, त्यातून ऑडिओ जात नाही. जीटी-१ आणि एमजी-३०० मधून जातो. माहितीपत्रकात 'यूएसबी ऑडिओ इंटरफेस' हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतील तरच रेकॉर्डिंगची सोय आहे असं धरा. मोबाइलवर करायचं असेल तर तुमचाच मोबाइल आणि तुमचीच ओटीजी केबल दुकानात लावून बघा.

तपासून पाहा: तुमच्या कागदावरच्या पहिल्या दोन ठिकाणी हे पेडल जास्तीचं यंत्र न लावता जोडता येतं का? येत नसेल तर त्या यंत्राची किंमत पेडलच्या किमतीत मिळवा आणि मगच तुलना करा.

पायरी २: गिटारचं की बेसचं

गिटारच्या पेडलात बेस लावला म्हणून काही जळत नाही, पण कामही नीट होत नाही. गिटारची सहावी तार साधारण ८२ हर्ट्झवर बोलते. बेसची चौथी तार ४१ वर आणि पाच तारी बेसची पाचवी ३१ च्या आसपास. गिटारसाठी बनवलेले ओव्हरड्राइव्ह खालचा भाग मुद्दाम कापतात. बेसवर ते चालू केले की ड्रमच्या शेजारी बेस हरवतोच. म्हणून बेसवाल्याने यादीत आधी 'ब्लेंड' शोधावा, म्हणजे ड्राइव्हच्या खाली मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचा नॉब. मग कॉम्प्रेसर (लहान-मोठे सूर सारख्या जोराचे करणारा), मग बेसचे अ‍ॅम्प आणि कॅबिनेट. झूम बी१ फोर, बॉस जीटी-१बी ही वेगळी बेसची मॉडेलं याचसाठी आहेत.

दुकानातल्या सहा इंची सरावाच्या अ‍ॅम्पवर बेसचं पेडल तपासू नका. त्यात ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही. हेडफोन वापरा. पाच तारी बेस असेल तर ट्यूनर पाचवी तार पकडतो का, हेही पाहा. काही ट्यूनर तिथे नुसते भिरभिरतात.

अ‍ॅक्टिव्ह बेस किंवा अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर जोरात तार ओढून ऐका. इफेक्ट सगळे बंद असतानाही आवाज फाटत असेल तर इनपुटची पातळी कमी करण्याची सोय आहे का ते मेनूत शोधा. नसेल तर आयुष्यभर गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवून वाजवावं लागेल.

अकूस्टिक गिटारवाल्यांसाठी: 'अकूस्टिक सिम्युलेटर' हा इफेक्ट तुमच्यासाठी नाही, तो इलेक्ट्रिक गिटारला अकूस्टिकसारखं भासवण्यासाठी असतो. तुम्हाला हवाय चांगला इक्वलायझर आणि फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून येणारी शिट्टी) मारायला नॉच फिल्टर, म्हणजे तेवढाच एक सूर कापणारा.

पायरी ३: पाय काय करणार

लहान पेडलात जागा कमी, त्यामुळे फूटस्विच एक, दोन किंवा फार तर तीन. झूमच्या एमएस-५०जी सारख्या एका पेडलाएवढ्या खोक्यावर एकच. दोन स्विचांच्या पेडलात सहसा डावा म्हणजे मागचा पॅच, उजवा म्हणजे पुढचा. बाराव्या पॅचवरून पंधराव्यावर जायचं तर मधले दोन तुडवत जावं लागतं, आणि त्यातला एखादा फॅक्टरीचा किंचाळणारा पॅच असेल तर तो प्रेक्षकांनाही ऐकू येतो.

म्हणून कागदावरची तिसरी नोंद बघा. एका गाण्यात दोनच आवाज लागत असतील तर दोन स्विच पुरतात, पॅच गाण्यांच्या क्रमाने लावले की झालं. तीन-चार आवाज उलटसुलट लागत असतील तर एकाच पॅचमध्ये राहून ठरावीक इफेक्ट पायाने चालू-बंद करता येतो का, हे विचारा. ते जमत नसेल तर बाहेरचा फूटस्विच जोडायचा जॅक तरी हवा.

एक्स्प्रेशन पेडल (पायाने पुढे-मागे झुकवायचं, वाह आणि व्हॉल्यूमसाठी) अंगभूत असलेलं मॉडेल थोडं मोठं होतं, पण वाह वापरणाऱ्याने तेच घ्यावं: जी१ फोर ऐवजी जी१एक्स फोर. बाहेरून वेगळं एक्स्प्रेशन पेडल जोडायचा बेत असेल तर दोन्ही कंपन्यांची जोडी जुळते का ते खात्री करून घ्या. पिनच्या भागांची जोडणी कंपनीगणिक बदलते. न जुळणारं पेडल उलटं चालतं, नाहीतर शेवटच्या चतुर्थांशातच सगळा आवाज उघडतं.

तपासून पाहा: लांब डिले असलेला पॅच लावा, एक कॉर्ड वाजवा, तो विरत असताना पॅच बदला. दोन गोष्टी ऐका. मध्ये आवाज पूर्ण तुटतो का, आणि डिलेची शेपटी कापली जाते का? स्वस्त पेडलांत शेपटी बहुधा कापली जातेच, ते चालवून घेता येतं. पण ठेक्यात जाणवेल इतकी शांतता पडत असेल तर ते पेडल लाइव्ह वाजवणाऱ्यासाठी नाही.

पायरी ४: वीज

पेडलच्या मागे सॉकेटजवळ एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हीकडे अधिक-उणे. गिटार पेडलांत बहुधा ९ व्होल्ट डीसी आणि मधलं टोक ऋण. तीन गोष्टी जुळायला हव्यात: व्होल्ट नेमके तेवढेच, टोकांची दिशा तीच, आणि मिलिअँपिअर लिहिलेत तेवढे किंवा जास्त. जी१ फोरसाठीचा अडॅप्टर ५०० मिलिअँपिअरचा आहे. साध्या पेडलबोर्ड सप्लायच्या १०० मिलिअँपिअरच्या आउटलेटवर असं यंत्र लावलं तर ते सुरू होतं, पडदा उजळतो आणि जड पॅचवर गेलं की बंद पडतं. लोक मग सॉफ्टवेअरला दोष देतात.

सावध: घरात पडलेला वायफाय राउटरचा किंवा कीबोर्डचा अडॅप्टर लावू नका. पिन अगदी बरोबर बसते, पण तो अनेकदा १२ व्होल्टचा असतो आणि मधलं टोक धन. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अडॅप्टर घेणार असाल तर पेडलचा फोटो नव्हे, त्या छोट्या चित्राचा फोटो दाखवा, आणि जमलं तर मल्टिमीटर लावून बघायला सांगा.

स्टेजवर जनरेटर असेल तर व्होल्टेज खालीवर होतं. अशा वेळी एए बॅटरीवर चालणारं पेडल (जी१ फोर आणि जीटी-१ दोन्ही चार बॅटऱ्यांवर चालतात) हा चांगला आधार आहे. बॅटऱ्या आत असताना अडॅप्टर उपटून बघा: यंत्र चालू राहतं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं? पॉवर बँकवर चालवायचा विचार असेल तर अर्धा तास चालवून बघा. वीज कमी ओढली जाते आहे असं वाटल्यावर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

लॅपटॉपला जोडल्यावर गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण गेली तर पेडल निर्दोष आहे, भानगड अर्थिंगची आहे.

पायरी ५: खोक्यावरच्या आकड्यांना कात्री

एकूण इफेक्ट किती यापेक्षा एका वेळी किती चालतात हा आकडा खरा. जी१ फोरमध्ये पाच. कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, अ‍ॅम्प, डिले, रिव्हर्ब धरले की पाच झाले, नॉइज गेटला (न वाजवताना खरखर बंद करणारा इफेक्ट) जागा नाही. बहुतेकांना हे पुरतं. पण मेटल वाजवणाऱ्याला गेट हवाच, तेव्हा त्याने काय सोडायचं ते आधी ठरवावं. शिवाय जागा रिकामी असली तरी प्रोसेसरची ताकद संपू शकते. दोन जड रिव्हर्ब एकत्र लावून बघा, यंत्र नकार देतं का.

ड्रमचे ठेके सरावाला बरे. लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा) किती सेकंदांचा आहे ते पाहा. ३० सेकंदांत संथ चालीचं अख्खं कडवं बसेलच असं नाही.

पायरी ६: दुकानातली चाचणी, याच क्रमाने

फॅक्टरी प्रीसेटवर एक मिनिटही घालवू नका. ते दुकानात भुरळ पाडायला बनवलेले असतात: रिव्हर्ब भरपूर, स्टिरिओ रुंद, खालचा आवाज फुगवलेला.

१. रिकामा पॅच उघडा, सगळे इफेक्ट बंद. गिटार आधी सरळ अ‍ॅम्पमध्ये आणि मग पेडलमधून ऐका. वरचा चमकदार भाग मेला असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

२. एकच अ‍ॅम्प आणि कॅबिनेट, हेडफोनवर. ड्राइव्ह मध्यम. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. आवाज मोकळा व्हायला हवा. नुसता लहान होत असेल तर मॉडेल कच्चं आहे.

३. एक सूर लावून पूर्ण विरू द्या. शेवटी खरखर येते का, की सूर मध्येच तुटतो? तुटत असेल तर आधी नॉइज गेट बंद करून पुन्हा ऐका.

४. मॅन्युअल न बघता डिलेची वेळ बदला आणि पॅच सेव्ह करा. पाच मिनिटांत जमलं नाही तर घरीही तुम्ही ते करणार नाही, आणि दोनशे इफेक्टपैकी चार वापरत राहाल.

५. ट्यूनर चालू करा. आवाज बंद होतो का? उभं राहून, वर दिवे असताना पडदा वाचता येतो का? पाहायला बसावं लागत असेल तर स्टेजवर काय उपयोग?

६. प्रत्येक स्विच वीसेकदा दाबा, प्रत्येक जॅकमधली पिन हलवून बघा.

पायरी ७: घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतात कोण देतं ते विचारून ठेवा. पेडल आल्यावर आधी फर्मवेअर अद्ययावत करा. संगणकाला पेडल दिसतच नसेल तर केबल बदला, कारण चार्जिंगच्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. लॅपटॉपवर करत असाल तर पेडलमध्ये बॅटऱ्याही घाला.

मग तीनच पॅच बनवा: स्वच्छ, ऱ्हिदम, लीड. स्वच्छ आणि ऱ्हिदम कानाला सारख्या जोराचे ठेवा, लीड सुमारे ३ डेसिबल वर. ही पातळी हेडफोनवर ठरवू नका. लहान आवाजात कान खालचा आणि वरचा भाग कमी ऐकतो, म्हणून घरी आपण दोन्ही वाढवतो आणि मोठ्या आवाजात तेच दोन्ही अंगावर येतात. तालमीत, ड्रमसोबत, उभं राहून पातळ्या लावा. हॉलला स्वतःची घुमारी असते, तेव्हा रिव्हर्ब निम्मा करा. गिटार पीएमध्ये जात असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. बेस आणि किक ड्रमला जागा मिळते आणि गंमत म्हणजे गिटारच जास्त स्पष्ट ऐकू येते.

तपासून पाहा: तालमीत एकदा पेडल दोन-तीन तास सलग चालवा. गरम होऊन अडकणं, पॅच आपोआप बदलणं, सैल जॅक हे दोष दहा मिनिटांत दिसत नाहीत.

पायरी ८: जुनं घेत असाल तर

बॅटरीचा कप्पा आधी उघडा. बुरशीसारखी हिरवी-पांढरी पूड दिसली तर बॅटरी आत गळलेली आहे. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हा गंज पुढे पसरत जातो. स्विच एकदा दाबल्यावर दोन पॅच पुढे गेला तर स्विच झिजलाय. तो बदलता येतो, पण त्याचा खर्च भावातून वजा करा. नॉब हळू फिरवताना आकडे पुढे-मागे उड्या मारत असतील तर तेही तसंच. एक्स्प्रेशन पेडल टाचेपासून बोटांपर्यंत हलवा: शून्यापासून शंभरपर्यंत जायला हवं. जात नसेल तर कॅलिब्रेशन करून पुन्हा बघा.

शेवटी विक्रेत्याला त्याचे पॅच घ्यायचे असतील तर घेऊ द्या आणि त्याच्यासमोरच फॅक्टरी रीसेट करा. रीसेटनंतर यंत्र नीट सुरू झालं, तुमच्या बॅटरीवर आणि त्याच्या अडॅप्टरवर दोन्हीकडे चाललं, की पैसे द्या. मूळ अडॅप्टर हरवलाय असं तो म्हणाला तर नव्याची किंमत वजा करून भाव सांगा.